हायब्रिड गाडीत स्टेपनीच नाही, शोरूम म्हणतं विकत घ्या

प्रश्न (थोडक्यात): चार महिन्यांपूर्वी नवीन हायब्रिड गाडी घेतली. टेस्ट ड्राइव्हला त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी दिली होती, तिच्या डिकीत स्टेपनी होती. मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की हायब्रिडमध्ये पण स्टेपनी येते ना, तर सेल्समननं लिहिलं "हो मॅडम सगळं सेम आहे". गेल्या आठवड्यात रात्री हायवेवर खड्ड्यात आपटून टायर बाजूनं फाटला, डिकीतली फळी उचलली तर खाली चाक नाहीच, एक बाटली आणि छोटा पंप. आईला घेऊन तीन तास रस्त्याच्या कडेला बसले, मग टोइंग. शोरूम म्हणतं ही गाडी अशीच येते, हवी तर स्टेपनी विकत घ्या, आणि बाहेरून घेतली तर वॉरंटी जाईल. दीर म्हणतात स्टेपनी नसेल तर आरटीओ दंड करतो. डिलिव्हरीच्या चेकलिस्टवर 'स्पेअर व्हील'समोर टिक आहे आणि खाली माझी सही आहे. मला स्टेपनी फुकट मिळू शकते का, की केस करायची?

उत्तर:

ताई, केसचं सगळं सांगतो पण आधी एक ऐका, गाडीत चाक लवकरात लवकर आलं पाहिजे, केसच्या निकालाची वाट बघत बसू नका. ग्राहक आयोगात तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायद्यात लिहिलंय खरं, पण तारखा पडतात, आणि तोपर्यंत तुम्ही आईला घेऊन पुन्हा त्याच रस्त्यानं जाणार आहात. स्वतः पैसे घालून चाक घेतलंत म्हणजे हक्क सोडला असं होत नाही, उलट पक्कं बिल असेल तर नुकसानीचा आकडाच हातात येतो.

आता कायदा. बरेच लोक म्हणतात की स्टेपनीशिवाय गाडी विकणं बेकायदा आहे, तुमच्या दिरांना पण तसंच वाटतंय आणि त्यांचं पूर्ण चूक नाही, कारण पूर्वी गाडीबरोबर स्टेपनी देणं बंधनकारक होतं. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बदल केला. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, टायर रिपेअर किट (म्हणजे तुमच्या डिकीत निघाली तशी भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि पंप) दिलेलं असेल आणि टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी सिस्टीम म्हणजे टीपीएमएस असेल तर स्टेपनी द्यायची गरज नाही. मोठ्या बॅटरीला जागा मिळावी हे त्यामागचं एक कारण सरकारनंच सांगितलं होतं. तुमच्या हायब्रिडमध्ये बॅटरीसाठी मागची जागा गेली असणार, म्हणूनच पेट्रोल गाडीत आहे आणि तुमच्यात नाही. त्यामुळे "स्टेपनी नाही म्हणजे गाडी बेकायदा" या मुद्द्यावर भांडायला जाऊ नका, पहिल्याच तारखेला समोरचा वकील हे नोटिफिकेशन दाखवेल आणि तुमची चांगली केस उगाच कमकुवत होईल.

पण एक गोष्ट आजच तपासा. तुमच्या व्हेरियंटला टीपीएमएस खरंच आहे का? वरच्या व्हेरियंटला असतं आणि खालच्याला नसतं असं होऊ शकतं. किट आहे पण टीपीएमएस नाही असं निघालं तर ती सवलत लागूच होत नाही, मग सगळं चित्र बदलतं आणि थेट नियमभंगाचा मुद्दा तुमच्या हातात येतो. मॅन्युअलमध्ये बघा, इग्निशन ऑन केल्यावर डॅशबोर्डवर टायरच्या आकाराचा पिवळा दिवा क्षणभर लागतो का ते बघा, त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. टीपीएमएस असेल आणि किट पण असेल तर आरटीओच्या दंडाची भीती मनातून काढून टाका.

मग तुमची केस आहे कशावर? माझं मत असं की ती चाकाची केस नाहीच, ती माहितीची केस आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(९) मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक याबद्दल माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलाय, आणि कलम २(११) मध्ये 'सेवेतील त्रुटी'च्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हे स्पष्ट शब्दांत आलंय. तुम्ही मोघम काही विचारलं नव्हतं, नेमकं स्टेपनीचंच विचारलं होतं आणि लेखी "हो" आलं. यापेक्षा स्वच्छ पुरावा माझ्याकडे येणाऱ्या ग्राहकांकडे क्वचितच असतो, बहुतेकांचं सगळं तोंडी असतं आणि शोरूमवाला सरळ नाही म्हणतो. शिवाय माल विक्री कायदा १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. टेस्ट ड्राइव्हला एक गाडी दाखवायची, "सगळं सेम" म्हणायचं आणि द्यायची दुसरी, हे त्या कलमाच्या विरुद्ध जातं.

समोरून काय येईल तेही सांगतो. एक, ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चित्रातल्या सगळ्या वस्तू प्रत्येक व्हेरियंटमध्ये नसतात, आणि स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात कुठेतरी 'टायर रिपेअर किट' असा शब्द असतो. कंपनी म्हणेल आम्ही तर सांगितलं होतं. हा बचाव कंपनीच्या बाजूनं थोडा चालेल पण शोरूमच्या बाजूनं फारसा चालणार नाही असं मला वाटतं, कारण नेमका प्रश्न आल्यावर नेमकं चुकीचं उत्तर त्यांच्या माणसानं दिलंय. दोन, कंपनी म्हणेल डीलर स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. म्हणून तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा, एकाला सोडलंत तर दुसरा त्याच्याकडे बोट दाखवेल.

तिसरा मुद्दा चेकलिस्टचा, आणि यानं तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलाय हे पत्रावरून कळतंय. शोरूम म्हणू शकतं की मॅडमनी स्पेअर व्हील मिळाल्याची सही केलीय. म्हणू द्या. कारण त्याच शोरूमनं आता तुम्हाला सांगितलंय की ही गाडी स्टेपनीशिवायच येते, आणि कंपनीचा स्पेसिफिकेशनचा कागद पण तेच सांगतो, मग जी वस्तू या गाडीत येतच नाही ती डिलिव्हरीला तुम्हाला मिळाली कशी? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. सगळ्या मॉडेलला एकच छापील फॉर्म वापरायचा, भराभर टिक करायच्या आणि किल्ली घेण्याच्या घाईत असलेल्या माणसाची सही घ्यायची, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय आणि मला त्याची मनापासून चीड आहे, कारण ग्राहक तो कागद विश्वासानं सही करतो. तुमच्या बाबतीत तर ती टिक असं दाखवते की गाडी देण्याच्या दिवशी सुद्धा शोरूम कागदावर स्टेपनी आहे असंच सांगत होतं. फक्त एक करा, "ही गाडी अशीच येते" हे त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घ्या. साधा प्रश्न पाठवा, माझ्या व्हेरियंटमध्ये स्टेपनी कंपनीकडून येते का, हो किंवा नाही सांगा. भांडणाचा सूर नको, नाहीतर उत्तरच येणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर बॅकअप घ्या आणि जुना फोन पण जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडायचं. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका काटेकोर नसतो पण तरी जोडाच, समोरच्याला बोलायला जागा कशाला ठेवायची.

काय मिळेल त्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. गाडी परत देऊन पूर्ण पैसे परत, हे यात होणं मला कठीण वाटतं, कारण गाडीत उत्पादनाचा दोष नाही. मागण्यासारखं आहे ते असं: योग्य मापाची स्टेपनी, जॅक, पाना यांचा खर्च, टोइंगचं बिल, रात्री झालेल्या त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. फाटलेल्या टायरचे पैसे मात्र त्यात घालू नका, तो खड्ड्यानं फाटलाय आणि स्टेपनी असती तरी फाटलाच असता, अशी एक मागणी जादा टाकली की बाकीच्या खऱ्या मागण्यांवरचा विश्वास कमी होतो. इन्शुरन्समधून पण अवघड आहे, नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत गाडीला दुसरं काही नुकसान नसेल तर नुसत्या टायरचे पैसे मिळत नाहीत, टायरचं वेगळं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर बघा.

क्रम असा ठेवा. आधी शोरूम आणि कंपनी दोघांना ईमेल आणि स्पीड पोस्टानं पत्र, त्यात तारखा, चॅटचा स्क्रीनशॉट, चेकलिस्टची कॉपी आणि पंधरा दिवसांची मुदत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, बऱ्याचदा एवढ्यावर कंपनी शोरूमला सांगून चाक देऊन टाकते कारण त्यांच्या दृष्टीनं ती मोठी रक्कम नसते. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जायचं, आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे आहे याचा संबंध नाही. फी फार नाही, १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं, ती डिलिव्हरीच्या तारखेपासूनच मोजा म्हणजे वाद नको. आणि हो, गाडी भाड्यानं चालवण्यासाठी किंवा कंपनीच्या नावावर घेतली असेल तर मला आधी कळवा, कारण व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक म्हणून दाद मिळायला अडचण येते.

वॉरंटीची धमकी. डिकीत एक चाक ठेवलं म्हणून पूर्ण गाडीची वॉरंटी जाते असं मला पटत नाही. वॉरंटी नाकारायची तर त्या चाकामुळे अमुक बिघाड झाला हे त्यांनी दाखवायला हवं. त्यांना वॉरंटी बुकमधलं नेमकं कलम लेखी मागा, बहुतेक वेळा ते येतच नाही. मात्र चाक अडकवायला मागच्या दाराला बाहेरून ब्रॅकेट वेल्ड करणं, टपावर कायमचं बसवणं, डिकीचा पत्रा कापणं यातलं काही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलंय, आणि परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली एका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डिकीत पट्ट्यानं बांधून ठेवलेलं चाक हे सामान आहे, बदल नाही.

चाक घेताना काय बघायचं ते मी मेकॅनिक नसलो तरी अशा तक्रारी हाताळून शिकलोय. शक्यतो त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीच्या स्टेपनीचा पार्ट नंबर मागा आणि तो तुमच्या हायब्रिडला चालतो असं शोरूमकडून लेखी घ्या, कारण हायब्रिडचे ब्रेक वेगळे असतील तर रिम कॅलिपरला घासू शकते. बोल्टची संख्या आणि अंतर, मधलं भोक, ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते), टायरची एकूण उंची हे सगळं जुळायला हवं. बारीक स्टेपनी घेतलीत तर ८० च्या वर जायचं नाही आणि तिच्यात हवा नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त, साधारण ६० पीएसआय लागते, नेमका आकडा तिच्यावरच छापलेला असतो. स्टीलच्या रिमला नट वेगळे लागतात का विचारा, जॅक आणि पाना वेगळा घ्या कारण किटवाल्या गाडीत तो बहुधा नसतो. काही हायब्रिड गाड्यांमध्ये बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी मागच्या सीटजवळ असते, ती चाकानं किंवा सामानानं झाकली जाऊ देऊ नका, पुढे बॅटरीचा काही प्रॉब्लेम आला तर कंपनी पहिलं बोट त्याच्यावर ठेवेल. आणि चाक घट्ट बांधा, जोरात ब्रेक लागला तर पंधरा किलोचं चाक पुढे येतं आणि मागच्या सीटवर आई बसलेली असते.

चाक आलं तरी किटमधली बाटली गाडीत असू द्या, वापरली असेल तर नवीन आणा. ती टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या खिळ्याच्या छोट्या भोकाला चालते, बाजूनं फाटलेल्या टायरला कधीच नाही, आणि तिच्यावर एक्सपायरी डेट असते. त्या रात्री बाटली वापरली असेल तर ती रिकामी बाटली, फाटलेला टायर, टोइंगवाल्याची पावती, त्याच्याशी झालेल्या कॉलची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट हे सगळं एका पिशवीत घालून ठेवा. टायर दुकानातच राहिला असेल तर आज जाऊन घेऊन या, नंतर सापडणार नाही.