बडोद्याहून पहिल्यांदाच महालक्ष्मीला रेस बघायला जायचंय, काय माहीत असावं?

तुम्ही लिहिलंय की राहता बडोद्यातल्या रेसकोर्स सर्कलला, पण इथे घोड्यांची रेस कुठे होते ते कुणी सांगत नाही; आणि मुंबईला जायचं तर काय माहीत असावं? आपल्याकडे आता रेसकोर्स हे फक्त पत्त्यातलं नाव. घोडा दिसलाच तर वरातीतला. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्सच गाठा.

मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात रेसेस पुण्याला असतात. मुंबई सेंट्रलला उतरून स्लो लोकल पकडा, पुढचंच स्टेशन महालक्ष्मी. फास्ट तिथे थांबत नाही. इंडियन डर्बी, म्हणजे हंगामातली सगळ्यात मोठी रेस, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते, पण पहिल्या खेपेला ती टाळा. त्या दिवशी गर्दीत टोप्या दिसतात, घोडे दिसत नाहीत. (तरी बडोदेकराने एवढं लक्षात ठेवावं, की 1943 ची पहिली डर्बी आपल्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या घोडीने, प्रिन्सेस ब्यूटीफुलने मारली. त्यांनी आजोबांचं नाव दिलेला ‘सयाजीराव’ हा घोडा 1947 मध्ये इंग्लंडची सेंट लेजर ही मोठी रेस जिंकला. वर्षाच्या त्या शिंगरासाठी 28,000 गिनी (जुनं इंग्रजी चलन) मोजल्या होत्या!)

आत गेल्यावर सगळे तिकीट खिडकीकडे धावतात. तुम्ही रेसकार्ड (त्या दिवशीच्या रेसेस आणि घोड्यांची यादी) घ्या आणि पॅडॉकला जा. प्रत्येक रेसआधी घोडे तिथे गोल फिरवतात, पाठीवरचा नंबर कार्डाशी जुळवायचा. मी तीन गोष्टी बघतो: अंगावर तकाकी आहे का, चाल मोकळी आहे का, आणि मानेवर किंवा मागच्या पायांमध्ये पांढरा फेस आलाय का. फेस आलेला घोडा बऱ्याचदा धावण्याआधीच दमलेला असतो. बऱ्याचदा म्हणतोय हं, नेहमी नाही. जॉकीच्या कपड्यांचे रंग मालकाचे असतात, म्हणून तोच जॉकी पुढच्या रेसला वेगळ्या रंगात दिसेल. कार्डावर वजनही बघा. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात, त्यामुळे नाव मोठं म्हणून डोळे झाकून पैसे लावण्यात अर्थ नसतो.

पैसे लावायचेच तर टोटवर ‘विन’ (घोडा पहिला यायला हवा) किंवा ‘प्लेस’ (पहिल्या काहींत आला तरी चालतो) पुरे. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि कपात करून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. त्यामुळे किती मिळणार ते शेवटपर्यंत बदलत राहतं. बुकीकडे तुम्ही घेतलेला भाव तुमचाच. जॅकपॉट (ओळीने अनेक रेसचे विजेते ओळखायचे), टनाला (पहिले तीन घोडे, तेही क्रमाने) पहिल्या दिवशी नकोच. जीएसटी कापला जातो तो लावलेल्या पूर्ण रकमेवर, हे आधीच धरून चाला.

रेस सुरू झाली की स्क्रीनकडे पाठ करा आणि कठड्याला उभे राहा. शेवटच्या दोनशे मीटरला टापांचा आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना.

आणि तिकीट फेकू नका. रेस संपल्यावर जॉकींचं पुन्हा वजन होतं, तक्रार असेल तर चौकशी होते, त्यानंतरच निकाल पक्का. माझा घोडा एकदा दुसरा आला म्हणून मी तिकीट फाडून टाकलं आणि चहा घ्यायला गेलो. परत येतो तर पहिल्याला खाली ढकलून माझा वर चढवलेला. पुढची रेस मी पाहिलीच नाही. वाकून वाकून जमिनीवरचे कपटे गोळा करत होतो. अर्धंच तिकीट सापडलं.