लोकेशन आधी घरी आण

पत्र असं आहे:

"ताई, मी ३३ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी शहरातलं भाडं झेपेना म्हणून लांबच्या एका शांत उपनगरात राहायला आलो. काम घरूनच चालतं. इथे रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, सगळी फॅमिलीवाली माणसं नाहीतर रिटायर्ड. मागचं नातं संपून वर्ष झालं, त्यात मी पार थकलो, त्यामुळे आत्ता लग्न नको, सिरियस काही नको. अधूनमधून कोणाला भेटावं, गप्पा व्हाव्यात, दोघांना वाटलं तर जवळीक व्हावी, बस एवढंच. पण इथे आहे कोण? दोन ॲपवर आहे (लोकेशन शहराचं ठेवलंय, इथलं ठेवून काय उपयोग), मॅच होतात पण गोष्ट भेटीपर्यंत जातच नाही. एकदा भेट झाली, छान चाललं होतं, मी कुठे राहतो ते बोलता बोलता निघालं आणि ती उठून निघून गेली, वर ब्लॉक केलं. तासभर प्रवास करून गेलो होतो मी. एवढं काय चुकलं माझं? इथे राहून कॅज्युअल डेटिंग जमेल का, की परत शहरात शिफ्ट होऊ? आणि तिला दुसऱ्या नंबरवरून सॉरी म्हणू का? – शेवटचा स्टॉप"

अरे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले. सगळं पत्र उपनगर किती मेलेलं आहे यावर लिहिलंस, चिटपाखरू नाही म्हणालास, आणि खरी गोष्ट कंसात घालून पुढे निघून गेलास. लोकेशन शहराचं ठेवलंय. इथलं ठेवून काय उपयोग. मी आज फक्त या कंसावरच बोलणार आहे कारण तुझे तिन्ही प्रश्न तिथूनच निघालेत.

आधी साधं सांगते, ही ॲप चालतात कशी. टिंडर २०१२ मध्ये आलं ते मुळात अंतरावरच उभं राहिलं. फोनला कळतं तू कुठे आहेस, तो तुला आसपासची माणसं दाखवतो आणि त्यांना तू दिसतोस. किती लांबपर्यंतची माणसं बघायची ते तू ठरवतोस, १६० किलोमीटरपर्यंत वाढवता येतं. मग २०१५ मध्ये त्यांनी पैसे भरणाऱ्यांसाठी पासपोर्ट नावाची सोय आणली, म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात जायचंय तर आधीच तिथल्या लोकांशी ओळख करून ठेवा. दुसऱ्या ॲपवर पण अशा सोयी आल्या. सोय चांगली आहे, प्रवास करणाऱ्यांना उपयोगी आहे. पण ती चालू केली की तू तिकडे दिसायला लागतोस आणि इकडे दिसेनासा होतोस. तू ती चालू केलीस आणि काढलीच नाहीस.

म्हणजे आता बघ काय झालंय. तुझ्यापासून चार किलोमीटरवर एखादी बाई राहत असेल, तुझ्याच वयाची, तिचंही काहीतरी संपलेलं, तिलाही आत्ता लग्नाबिग्नाचं ओझं नकोय. रात्री साडेनऊला जेवून झाल्यावर ती फोन उघडून बसते आणि तिला वाटतं इथे कोणीच नाही. तिला तू दिसणार कसा? तू तर शहरात आहेस! म्हणजे एकाच बसने घरी येणारी दोन माणसं फोनमध्ये एकमेकांपासून तासभर लांब. उपनगरात कोणी नाही म्हणतोस ना, तर त्या नसलेल्यांत पहिला तू आहेस.

आता ती उठून गेलेली मुलगी. तिच्याबद्दल मला राग आलाय, पण तिचा नाही, तुझा. कारण तू लिहितोस की एवढं काय चुकलं, जसं काही वय दोन वर्षं कमी सांगितलं. बाई अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटायला निघते तेव्हा तिच्या डोक्यात किती हिशोब चालू असतात तुला माहितीये का? कुठे भेटायचं, तिथे गर्दी किती असते, परत यायला शेवटची गाडी किती वाजता, मैत्रिणीला काय सांगून ठेवायचं. आणि मैत्रिणीला ती काय सांगते? हे नाव, हा फोटो, हा अमुक भागात राहतो. तुझ्याबद्दल तिला पक्कं माहीत असलेल्या चार गोष्टींत एक ही होती आणि तीच खोटी निघाली. त्या क्षणी तिला हे नाही वाटलं की अरेरे बिचारा लांब राहतो. तिला वाटलं की आता नाव तरी खरं आहे का याचं? ती उठली हे बरोबर केलं. माझी लेक असती तर मी तिला हेच सांगितलं असतं, उठ आणि नीघ.

मी हे पुस्तकी बोलत नाहीये. घटस्फोटानंतर मी पण असंच एका गप्प भागात एकटी राहत होते, अडतिसाव्या वर्षी, आणि मलाही तेच हवं होतं जे तुला हवंय, फार काही नाही, आठवड्यातून एखादी संध्याकाळ. एक गृहस्थ भेटले, बोलायला फार छान, तीनदा भेटलो. तिसऱ्या वेळी निघताना कळलं की ते सांगत होते तिथे राहतच नाहीत, त्यांनी ती जागा पाच वर्षांपूर्वी सोडली होती. वाईट काहीच झालं नाही, ते माणूस म्हणूनही वाईट नव्हते. पण मला रात्रभर झोप लागली नाही. मी आमच्या तिन्ही भेटी परत परत आठवत बसले होते, की आणखी काय काय खरं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा नीट आठवत नाही, ती रात्र मात्र आठवते.

आणि अजून एक वाक्य आहे तुझं, तासभर प्रवास करून गेलो होतो मी. हे तू तिच्याबद्दलची तक्रार म्हणून लिहिलंस. म्हणजे जाताना तू तो तास सोबत घेऊनच गेला होतास, आणि टेबलावर बसल्यापासून त्या तासाची वसुली कुठेतरी मनात चालू होती. हेच तर सांगतेय, कॅज्युअल गोष्टीला इतकं अंतर झेपत नाही. प्रेमात पडलेली माणसं चार तास प्रवास करतात आणि तक्रार करत नाहीत. पण "बघू, जमलं तर" एवढ्यासाठी दर वेळी जाऊन येऊन दोन तास कोण घालवेल? तूही नाही घालवणार, तीही नाही. म्हणून तुझे मॅच भेटीपर्यंत जात नाहीत. गप्पा रंगतात, मग कधी भेटायचं विचारलं की तू वेळ मागतोस कारण तुला गाडीचं वेळापत्रक बघावं लागतं, आणि खरं कारण सांगता येत नाही म्हणून काहीतरी गोलगोल बोलतोस. समोरचीला वाटतं याला इंटरेस्ट नाही, नाहीतर याचं लग्न झालेलं असणार. मलाही तेच वाटलं असतं. हलकंफुलकं हवं असेल तर माणूस जवळ हवं, मंगळवारी संध्याकाळी सातला मेसेज केला आणि आठला भेटलो इतकं जवळ.

तुला वाटेल की इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, मग जवळचं माणूस कसं चालेल. पत्रात हे लिहिलेलं नाहीस पण मला ते ऐकू येतंय, कारण लोकेशन लपवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही भीती असते. तिला दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये भेटलो तर? बसस्टॉपवर दिसली तर? अरे दिसली तर दिसली, हसायचं आणि कशी आहेस विचारायचं. तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून बसलायस, कॅज्युअल आणि निनावी. कॅज्युअल म्हणजे पुढची वचनं नाहीत एवढंच. म्हणजे ओळख नसावी, जबाबदारी नसावी, उद्या तोंड बघायची वेळ येऊ नये असं नाही. उलट जिथे परत भेटण्याची शक्यता असते तिथे माणूस नीट वागतो. नको असेल तर गायब न होता सांगतो, कंडोम स्वतः सोबत ठेवतो आणि टेस्ट केलीयेस का हे न लाजता विचारतो आणि स्वतःचंही सांगतो, कारण बऱ्याच लैंगिक आजारांची लक्षणं दिसतच नाहीत. शांत ठिकाणी हे सगळं जास्त सांभाळावं लागतं, कबूल आहे मला. पण ते सांभाळायची तयारी नसेल तर शहरात जाऊनही तू कोणाचं भलं करणार नाहीस.

आणि ओळखीचे चेहरे ही अडचण आहे असं समजतोस ना, त्याच्या बरोबर उलट आहे. १९५० मध्ये मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीत कोणाची मैत्री कोणाशी होते याचा अभ्यास मांडला. अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांची जवळची मैत्री होती, मधे एक दार सोडून राहणाऱ्यांत २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. एकाच मजल्यावर, काही पावलांचा फरक! पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती आवडायला लागते. गर्दीच्या शहरात तोच चेहरा परत दिसणं किती अवघड, आणि तुझ्याकडे ते फुकट आहे. पण त्यासाठी तुला आधी कोणाच्या तरी नजरेला पडावं लागेल. दोन वर्षं तिथे राहून तुझ्या पत्रात तिथल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही, फॅमिलीवाले आणि रिटायर्ड अशा दोन ढिगाऱ्यांत सगळ्यांना टाकून मोकळा झालास. मला नाही वाटत तू नीट बघितलंयस. घरून काम करणारा तू एकटाच असशील का तिथे? भाडं झेपेना म्हणून आलेला तू एकटाच?

मला खरं वाटतं ते सांगू? तुला त्या जागेची लाज वाटते. तिथे राहायला यावं लागलं हे तुला हरल्यासारखं वाटतं, नातं संपलं, पैसे कमी पडले, आणि प्रोफाइलवर ते दिसू नये म्हणून तू जुना पत्ता धरून बसलायस. हे लिहिताना माझा सूर जरा खाली येतोय कारण ही लाज मी ओळखते. मी पण नवीन लोकांना वर्षभर सांगत होते की तात्पुरती राहतेय. तात्पुरतं सांगत सांगत मी तिथे सहा वर्षं काढली आणि पहिलं वर्ष फुकट घालवलं, पडदे पण लावले नाहीत घराला.

तर आज रात्री एकच काम कर. दोन्ही ॲप उघड, लोकेशन जिथे झोपतोस तिथलं कर. अंतर वीस किलोमीटर ठेव. बायोमध्ये उपनगराचं नाव लिही, स्वतःहून, पहिल्या ओळीत, आणि त्याच्या खाली तुला काय हवंय ते तितक्याच सरळ लिही, की सिरियस नकोय, भेटायला गप्पा मारायला आवडेल. बिल्डिंग, गल्ली, गाडीचा नंबर फोटोत येऊ देऊ नकोस, एवढी काळजी तूही घे, ती तुझ्यासाठीही आहे. पहिली भेट चार माणसं असतील अशा जागी, घरी नाही. आधी शंभर चेहरे दिसायचे तिथे आता कदाचित बारा दिसतील, आणि पहिले दोन आठवडे तुला वाटेल की ताईने बुडवलं. हात लावू नकोस सेटिंगला. तीन महिने तसंच राहू दे. ज्या बारा दिसतील त्या खरंच तिथे आहेत, रात्री आठला भेटून दहाला आपापल्या घरी जाता येईल इतक्या जवळ आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकीला तुझ्याबद्दलची पहिली गोष्ट खरी कळलेली असेल.

शिफ्ट व्हायचा विचार सोड. भाड्यासाठी आला होतास, ते कारण अजून तिथेच आहे.

आणि दुसऱ्या नंबरवरून सॉरी म्हणायचं बोललास, ते अजिबात करू नकोस. एका नंबरवर तिने दार बंद केलं, तू दुसऱ्या खिडकीतून आत आलास तर ती अजून घाबरेल. तुला कितीही वाईट वाटत असलं, तुझं सॉरी कितीही खरं असलं तरी ते तिच्यापर्यंत पोचवायचा हक्क आता तुझा नाही. तिचा नंबर फोनमध्ये असेल तर तो आजच डिलीट कर, लोकेशन बदलायच्या आधी.

– ताई