इसार घेण्याआधी मुलीशी बोला

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातला शेतकरी. मुलीने लातूरला राहून दोनदा नीट दिली. यंदा पात्र ठरली, पण सरकारी एमबीबीएस मिळेल एवढे गुण नाहीत. एजंट म्हणतो, किर्गिझस्तानला सहा वर्षांत 30 लाखांत डॉक्टर होईल आणि नाहीच जमलं तर मधूनच भारतातल्या कॉलेजात बदली करून देऊ. पाचातली तीन एकर विकायला काढली आहे, पुढच्या आठवड्यात इसार आहे. भावकी म्हणते, पोरीपायी रान विकू नको. काय करू?

उत्तर : सप्रेम नमस्कार. भावकीचा विरोध पत्करून मुलीसाठी बागायती रान विकायला निघालेल्या बापाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही सांगते, पुढच्या आठवड्यात इसार घेऊ नका.

आधी एजंटचं बोलणं तपासू. बदलीची गोष्ट साफ खोटी आहे. परदेशातला अभ्यासक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच संस्थेत पूर्ण करावा लागतो. 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिने शिक्षण, तिथेच 12 महिने इंटर्नशिप आणि परत आल्यावर इथे आणखी 12 महिने. शिवाय ज्या देशात शिकली तिथे डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याइतकी ती पदवी पक्की हवी. परदेशात शिकून आलेल्यांना आपल्याकडे डॉक्टरकी करायची तर एफएमजीई ही 300 गुणांची परीक्षा असते आणि त्यात 150 मिळवावेच लागतात. जून 2024 मध्ये बसलेल्यांपैकी साधारण 21 टक्केच उत्तीर्ण झाले. नापास झालेली मुलं शिकवण्या लावून पुन्हापुन्हा बसतात. तो खर्च आणि ती वर्षं एजंटच्या 30 लाखांत धरलेली नसतात.

आता घाईबद्दल. परदेशी प्रवेशासाठी नीटची पात्रता तीन वर्षं चालते. म्हणजे ‘जागा संपतायत’ ही ओरड एजंटच्या सोयीची आहे. खरी घाई इथल्या प्रवेशाची आहे, कारण बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांना यंदाचेच गुण यंदाच चालतात. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी कक्षाच्या फेऱ्या सुरू असतील तर नोंदणी आजच करा. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने 2024-25 पासून पूर्ण माफ केलंय. उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाची कागदपत्रं तहसीलमधून लगेच काढा. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना ही सवलत नाही, हे ध्यानात ठेवा.

पण या सगळ्याहून मला एक गोष्ट जास्त खटकली. तुमच्या पत्रात एजंट काय म्हणतो, भावकी काय म्हणते, सगळं आहे. मुलीचं एक वाक्यही नाही. दोन वर्षं होस्टेलवर राहून, दोनदा निकाल बघून ती घरी आली आहे. आपल्यासाठी रान निघालंय हे तिला नक्की माहीत असणार. अशा वेळी मुली ‘तुम्ही म्हणाल ते’ एवढंच म्हणतात. ते उत्तर होकार समजू नका.

तिच्याशी बोला. सगळ्यांसमोर नको, तुम्ही दोघं आईवडील आणि ती. जमिनीचा भाव तेव्हा काढू नका. डॉक्टरच व्हायचंय की दवाखान्याच्या क्षेत्रात काम करायचंय, हे विचारा. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि नर्सिंग, फिजिओथेरपी हे दुसऱ्या रस्त्यावरचे चांगले मुक्काम आहेत. पुन्हा नीट द्यायची ताकद उरली आहे का, तेही विचारा. ती गप्प बसली तर बसू द्या, दोन दिवसांनी पुन्हा बोला.

आणि तिने विचार करून, सगळे आकडे समजून परदेशच निवडला, तर मी विरोध करणार नाही. मात्र त्या विद्यापीठात आज शिकणाऱ्या मराठी मुलांशी एजंटला मधे न घेता बोला आणि शैक्षणिक कर्जासाठी आधी बँकेत जा. तीन एकर विकून हातात उरलेल्या दोन एकरांत घर चालेल का, धाकटी भावंडं असतील तर त्यांचं काय, हा हिशोब तिला दाखवूनच करा. खरेदीदाराला महिनाभर थांबायला सांगा.