दुबईहून प्रोसेसर आणावा, ग्राफिक्स कार्ड इथेच घ्यावे

प्रश्न : माझ्या मुलाला फर्मागुडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला असून त्याला घरीच संगणक जोडायचा आहे. आराखड्यांच्या कामासाठी चांगले ग्राफिक्स कार्ड लागेल, असे तो म्हणतो. माझा भाचा दुबईला नोकरीला आहे आणि चवथीला घरी येणार आहे. तिकडे माल स्वस्त मिळतो, तर सगळे सुटे भाग त्याच्याकडूनच मागवावेत का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सगळे मागवू नयेत. प्रोसेसर अवश्य मागवावा, रॅम मागवायला हरकत नाही. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि कॅबिनेट मात्र इथेच घ्यावे, असे माझे मत आहे.

आधी किमतीचे पाहू. आपल्याकडे दुकानदार जी किंमत सांगतो तिच्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तर दुबईतल्या किमतीत ५ टक्के व्हॅट असतो. इथे ५९,००० रुपयांना मिळणाऱ्या कार्डाची करापूर्वीची किंमत ५०,००० रुपये होते. तीच मूळ किंमत दुबईत असेल तर तिथे ५२,५०० रुपये पडतील. म्हणजे केवळ करामुळे वाचतात ते ६,५०० रुपये. तिकडची मूळ किंमतच कमी असेल तर फरक वाढेल, पण ती कमीच असेल असे गृहीत न धरता प्रत्येक भागाची किंमत मॉडेल क्रमांकासह ताडून पाहावी. भाच्याने आपल्या तिथल्या खात्यातून पैसे दिले तर उत्तम. आपण इथल्या क्रेडिट कार्डाने दिले आणि बँकेने ३.५ टक्के परकीय चलन शुल्क लावले, तर त्यावरच्या जीएसटीसह वरील बचतीतले सुमारे २,१७० रुपये तिथेच जातात.

आता प्रश्न असा की, उरलेल्या रकमेसाठी वॉरंटी सोडावी का? ग्राफिक्स कार्ड हा संगणकातला महागडा, सतत तापणारा आणि पंखे असलेला भाग आहे. ते बिघडल्यावर आपण इथल्या सेवा केंद्रात नेतो, तेव्हा तिथला माणूस सर्वांत आधी अनुक्रमांक तपासतो, आणि तो भारतासाठी आलेल्या मालातला नसेल तर बहुतेक वेळा कार्ड परत करतो. मग ते पुन्हा भाच्याकडे दुबईला पाठवा, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीची वाट पाहा. प्रोसेसरचे तसे नाही. तो क्वचितच बिघडतो आणि त्याचा डबा हातातल्या बॅगेत सहज मावतो. फक्त तो कंपनीच्या मोहोरबंद डब्यातलाच घ्यावा. सुटा मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर थोडा स्वस्त असला, तरी ग्राहकाला त्यावर कंपनीची थेट वॉरंटी मिळत नाही.

मदरबोर्ड टाळण्याचे कारण वेगळे आहे. एएमडी कंपनीचा प्रोसेसर मदरबोर्डावरच्या ज्या खाचेत बसतो, त्या एएम५ सॉकेटमध्ये १,७१८ पिना असतात आणि त्या प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. केसाएवढ्या बारीक अशा या पिनांपैकी एखादी जरी वाकली, तरी रॅमची एक बाजू दिसेनाशी होते किंवा संगणक सुरूच होत नाही, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. इथल्या दुकानात सॉकेटवरचे झाकण काढून आपल्या डोळ्यांदेखत पिना पाहता येतात.

विमानतळाबद्दल आपण विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. परदेशातून विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाला २०१६च्या बॅगेज नियमांनुसार ५०,००० रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणता येत असे. २०२६च्या नियमांनी ही मर्यादा ७५,००० रुपये केली. मर्यादेवरच्या रकमेवर शुल्क भरावे लागते, आणि चवथीसाठी घरच्यांना आणलेल्या भेटवस्तूही त्याच मर्यादेत मोजल्या जातात. दोघे एकत्र आले तरी दोघांच्या सवलतींची बेरीज करून एकच महागडी वस्तू सोडवता येत नाही. एक लॅपटॉप वेगळा सुटतो, पण ती सवलत सुट्या भागांना लागू नाही. बिल जवळ ठेवावे. डबा फेकून वस्तू कपड्यांत गुंडाळून आणण्याची जी हौस आपल्याकडे आहे, तिच्यापायी वस्तू हिसके खाते आणि वॉरंटीचा पुरावाही हातचा जातो.

प्रश्न : अमेरिकेतला मित्र एसएसडी (माहिती साठवणारा भाग) व रॅम कुरियरने ‘गिफ्ट’ लिहून पाठवायला तयार आहे. शुल्क वाचेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना पूर्वी सूट होती, ती डिसेंबर २०१९मध्ये संपली. शुल्क वस्तूच्या किमतीवर तर लागतेच, शिवाय वाहतूक आणि विम्याचा खर्चही त्या किमतीत धरला जातो. व्यापारी आयातीत संगणकाच्या अनेक भागांवर मूळ सीमाशुल्क शून्य असते, हे वाचून पुष्कळजण फसतात. व्यक्तिगत वापरासाठी मागवलेला माल सीमाशुल्काच्या ९८०४ या वेगळ्या शीर्षकाखाली गेला तर ते गणित लागू पडत नाही. किंमत कमी दाखवली तर माल जप्तही होऊ शकतो. त्यापेक्षा थिवीला कोकणकन्या धरावी आणि सकाळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दहा दुकाने फिरावीत.

प्रश्न : माझा भाऊ जहाजावर आहे. अमेरिकेच्या बंदरात घेतलेला एसएमपीएस इथे चालेल का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : त्यावरच्या पट्टीवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तर चालेल. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसला मागे ११५ की २३० व्होल्ट हे निवडायचा लाल खटका असतो. माझ्या पहिल्या संगणकासाठी चुलत्याने असाच एक आणला होता. खटका ११५वर राहिला आहे हे न पाहता मी बटण दाबले आणि लवंगी फुटावी तसा आवाज होऊन खोलीभर जळका वास पसरला. ११५वर असताना आतले सर्किट येणारे व्होल्टेज दुप्पट करते, आणि आपल्या घरात आधीच २३० असते. आपला एसएमपीएस दोन्ही व्होल्टेजचा निघाला, तरी त्याच्यासोबतची चपट्या पिनांची केबल अडॅप्टर लावून वापरू नये, कारण ती १२५ व्होल्टसाठीच बनवलेली असते. मागच्या बाजूला तशीच बसणारी तीन पिनांची केबल इथल्या कोणत्याही संगणकाच्या दुकानात मिळते.