तक्त्यात एकच सवय ठेवा

नुकतंच एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जाणारी मेंदूची स्थिती) निदान झालंय आणि तुम्ही एकदम बारा सवयींचा तक्ता आखलाय, म्हणून काळजीने लिहितेय. आधी एकच सवय घ्या आणि ती रोज घडणाऱ्या गोष्टीला जोडा. उदाहरणार्थ, दात घासले की एडीएचडीची गोळी. डबी सात खणांची आणि ब्रशशेजारीच. खण रिकामा दिसला की 'घेतली का?' हा प्रश्नच उरत नाही. तक्ताही मोबाइलमध्ये नको, आरशावर चिकटवा. नजरेआड गेलं की आपल्या डोक्यातूनही जातं.

चुकलेला दिवस कोरा सोडा, लाल फुली नको. सलग दिवस तर मोजूच नका. साखळी तुटली की मी सगळंच सोडून द्यायचे. महिन्याच्या एकूण खुणा मोजायला लागले तेव्हा कुठे टिकले. '२१ दिवसांत सवय लागते' यावर विसंबू नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात १८ ते २५४ दिवस असा अंदाज निघाला होता, आणि तो खास एडीएचडीवाल्यांचा नव्हता.

कंटाळवाण्या कामाला कुणाला तरी शेजारी बसवा, नुसतं बसलं तरी पुरतं. गोळीचा डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला. काही आठवड्यांनी तक्ता समोर असूनही सवयीने नजरेत भरेनासा होईल, तेव्हा कागदाचा रंग बदलून बघा.