लहरी शोषणारा आणि स्वतःच सांधणारा लेप घराला लावावा का?

तुमचा प्रश्न असा: विद्युतचुंबकीय लहरी शोषणारा आणि चीर पडली तर स्वतःच सांधणारा पदार्थ खरंच असतो का, आणि नागपुरात घरासमोर मोबाईल टॉवर आहे म्हणून तो भिंतीला लावावा का?

असतो. पण भिंतीला लावू नका. घरातला सिग्नल पडला की टॉवरपर्यंत पोचायला तुमचा फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो, आणि तो तर कानालाच लागलेला असतो.

पदार्थ मात्र फार सुंदर आहे. मी इथेच पॉलिमरवर (रबर-प्लास्टिकसारख्या, लांब साखळ्यांच्या रेणूंच्या पदार्थांवर) काम करतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. लवचीक पॉलिमरमध्ये कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या), ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) किंवा लोखंडाची बारीक पूड घातली की लहरींची ऊर्जा आतच उष्णता होऊन जिरते. धातूच्या पत्र्यावर लेप देऊन मोजतात. परावर्तन उणे 10 डेसिबल आलं की 90 टक्के ऊर्जा शोषली गेली, उणे 20 आलं की 99 टक्के.

सांधायचं काम पॉलिमरचं. त्यातले काही बंध तुटले तरी पुन्हा जुळतात. हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली कमजोर ओढ, साध्या तापमानालाही जुळतात. डील्स-आल्डर बंध हे पक्के रासायनिक बंध; ते साधारण 120 अंशांना सुटतात आणि निवताना परत बसतात.

घोडं अडतं ते पुडीपाशी. पूड वाढवली की पॉलिमरच्या साखळ्यांना हलायला जागा उरत नाही, मग चीर नीट सांधत नाही. ब्लेडने कापून, तापवून, दाबून जोडलेली पट्टी बोटांनी ओढून तुटत नाही, पण 8 ते 12 गिगाहर्ट्झमध्ये मोजली की परावर्तनाच्या आलेखातला खळगा, म्हणजे सगळ्यात जास्त शोषणाची जागा, बाजूला सरकलेला दिसतो. दाबताना जोड पातळ होतो, आणि शोषण तर जाडीवरच बेतलेलं असतं. म्हणून ‘ताकद परत आली’ एवढं वाचून समाधान मानू नका. सांधल्यावर शोषण मोजलं का, ते बघा.

आपल्या उन्हाचंही आहेच. मे महिन्यात टिनाचा पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो. निव्वळ हायड्रोजन बंधांवरचा मऊ लेप तिथे ओघळायला लागतो, आणि पावसाळ्यातली ओल ते बंध आणखी सैल करते. उघड्यावरच्या कामाला मी डील्स-आल्डरच निवडेन. त्याला लागणारी उष्णता द्यायची सोयही लेपातच आहे: चिरेवर मायक्रोवेव्ह सोडली की आतला कार्बन ती शोषून तापतो आणि जोड तिथल्या तिथे बसतो. सुटा भाग काढून भट्टीत न्यावा लागत नाही.