शब्द पाठ करण्याआधी फोडून बघ

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता अकरावी सायन्सला आहे. शिकवणं इंग्रजीतून चालतं आणि जीवशास्त्राचे शब्द डोक्यावरून जातात. शब्दसंग्रहाचं जाड पुस्तक आणून रोज वीस शब्द पाठ करते, पण आठवड्यात सगळं विसरते. पुढे कृषी पदवी किंवा नर्सिंग करायचं आहे. आर्ट्सला जाऊ का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आर्ट्सची आवड असेल तर खुशाल जा. शब्दांच्या भीतीनं मात्र जाऊ नकोस. तू आणलंस तसल्या पुस्तकातले बहुतेक शब्द इंग्रजीच्या पेपरासाठी गोळा केलेले असतात. तुझ्या जीवशास्त्राच्या तासाला त्यातले फारसे येणारच नाहीत, आणि जो शब्द कुठे भेटत नाही तो राहत नाही. ते पुस्तक सध्या ठेवून दे.

शास्त्रातले लांबलचक शब्द बहुतांशी ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून केलेले आहेत. (इंग्रजी घरात बोलणाऱ्या पोरांनाही ते शिकावेच लागतात, एवढं मनाशी धर.) तुकडे थोडे असतात आणि फिरून फिरून येतात. ‘लायसिस’ म्हणजे तुटणं, विघटन. ग्लायकोलायसिसमध्ये ग्लुकोज तुटतं, हायड्रोलायसिसमध्ये पाण्याच्या साहाय्यानं रेणू तुटतो, इलेक्ट्रोलायसिसमध्ये विजेनं. पेशीतल्या टाकाऊ घटकांचं पचन करणाऱ्या अंगकाचं नाव लायसोसोम, तेही याच घरातलं. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्हीकडे हा एकच तुकडा चालतो. तसाच ‘एमिया’, म्हणजे रक्ताशी संबंधित. अ‍ॅनिमियातला सुरुवातीचा नकार आपल्या ‘अनावश्यक’मधल्या ‘अन्’सारखाच आहे. आणि सिकलसेल हा शब्द तर विदर्भात इंग्रजी न शिकलेल्यांच्याही तोंडी आहे. सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

घरी पऱ्हाटीवर फवारा मारत असतील तर औषधासोबत येणारं माहितीपत्रक मागून घे. डब्याला हात लावू नकोस, कागद पुरे. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड या तिन्हींत शेवटचं ‘साइड’ म्हणजे मारणारं : कीटक, बुरशी आणि तण. सिस्टेमिक म्हणजे आंतरप्रवाही, झाडाच्या आत भिनणारं; कॉन्टॅक्ट म्हणजे स्पर्शजन्य, अंगाला लागून मारणारं. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. लेबलावरचा लाल त्रिकोण सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. 2017 साली तुझ्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुला माहीत असेलच. हा कागद वाचता येणारं माणूस घरात असणं, हे कृषी पदवीच्या कितीतरी आधी कामाला येतं.

आता एक सावधगिरी. शब्द फोडून अंदाज येतो, व्याख्या येत नाही. अ‍ॅनिमियाचा शब्दशः अर्थ ‘रक्त नसणं’, पण प्रत्यक्षात हिमोग्लोबिन किंवा तांबड्या पेशी कमी असतात. मलेरियाचा मूळ अर्थ ‘वाईट हवा’, आणि आजार पसरवतो डास. हायपरटेन्शन म्हणजे फार टेन्शन घेणं नव्हे, उच्च रक्तदाब. नर्सिंगला गेलीस तर हा गोंधळ पेशंटच्या नातेवाइकांकडून रोज ऐकशील.

माझ्या मते खरे दगा देणारे शब्द मात्र सोपे दिसणारे असतात. ते कुणी वहीत लिहीतच नाही. सोल्युशन गणितात उकल असतं, रसायनशास्त्रात द्रावण. टिश्यू कल्चरमधलं कल्चर संस्कृती नव्हे, प्रयोगशाळेत केलेली ऊतींची वाढ. वर्क म्हणजे काम हे पहिलीतलं पोरगंही सांगेल, पण कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यानं एकसारख्या चालीनं चालणाऱ्या बाईनं भौतिकशास्त्राच्या हिशेबानं गाठोडं पेलण्याचं कार्य शून्य केलेलं असतं. (तिला हे सांगायला जाऊ नकोस.) म्हणून वहीत शब्दापुढे एक अर्थ लिहून थांबू नकोस. विषय लिही, आणि ज्या वाक्यात तो भेटला ते अख्खं वाक्य लिही. वीस नकोत, त्या दिवशी तासाला अडलेले चार-पाच पुरेत.

सुरुवात कुठून करायची? दहावीच्या विज्ञानापासून. इंग्रजी माध्यमाचं तेच पुस्तक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हा धडा तू मराठीतून शिकलेली आहेस. तोच इंग्रजीत, मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेवून वाच. काय चाललंय ते आधीच ठाऊक असल्यानं फक्त नावं नवी राहतात. अकरावीचा नवा धडा आणि नवी भाषा एकदम अंगावर घेतली की दोन्ही निसटतात. मराठी प्रतिशब्द अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयानं विषयवार परिभाषा कोश केले आहेत, तेही ऑनलाइन बघता येतात.

‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायची वेळ आली तर ती मराठीतूनही देता येते. प्रश्नपत्रिकेत इंग्रजी मजकूरही असतो आणि अनुवादात शंका निघाली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. पुढचं कृषी पदवीचं किंवा नर्सिंगचं शिक्षणही बहुतांशी इंग्रजीतूनच आहे, त्यामुळे ही मेहनत टाळता येणार नाही.

सहामाही होईपर्यंत शाखा बदलण्याचा विषय बाजूला ठेव. तेव्हाही जे शब्द अडत असतील त्यांची यादी मला पाठव, वाक्यांसकट.